एसटीच्या वेळेत न बसणारे शिक्षण

आमच्या महाविद्यालयाचे वेळापत्रक निघते प्राचार्यांच्या सहीने, पण ते ठरते एसटीच्या आगारात. यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी भोवतालच्या खेड्यांतून जी मुले-मुली शिकायला येतात, ती सकाळच्या गाडीने येतात आणि दुपारची गाडी हुकली तर संध्याकाळपर्यंत फाट्यावर ताटकळतात. त्यामुळे साडेसातला सुरू झालेले तास एकपर्यंत उरकावेच लागतात. वर्षाचे वेळापत्रक याहून कडक आहे, कारण ते शेत ठरवते. प्रवेश संपून वर्ग भरू लागतात न लागतात तोच डवरणी आणि निंदण सुरू झालेले असते, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी येते आणि दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की मजूर मिळत नाही म्हणून घरातले शिकणारे पोर हक्काने वावरात धाडले जाते. विद्यापीठाचे पहिले सत्र नेमके याच दिवसांत संपत आलेले असते. भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात जे भाग सर्वांत अवघड, ते मी बऱ्याच वर्षी अर्ध्या रिकाम्या बाकांसमोर शिकवले आहेत.

इंटरनेटमुळे खेडे आणि शहर यांतले अंतर मिटले, असे वाक्य शिक्षकांच्या कार्यशाळेच्या उद्घाटनात हमखास ऐकू येते. माझे मत थोडे निराळे आहे. अंतराची अडचण आमच्या मुलांना होतीच, पण त्याहून मोठी अडचण वेळेची होती. आणि इंटरनेटचा आम्हांला जो काही खरा उपयोग झाला, तो वेळेच्या बाबतीत झाला. जिथे जिथे आम्ही त्याच्याकडूनही पुन्हा अकरा ते बाराचा तासच मागितला, तिथे तिथे ते फसले.

दुरून शिकवण्याची कल्पना तशी जुनी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४च्या ऑगस्टमध्ये दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम सुरू केला. देशभरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत उत्तम व्याख्याने पोहोचवावीत, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. परंतु कार्यक्रम इंग्रजीत असे आणि ठरलेल्या वेळी लागे. त्या वेळी वीज गेली की तो धडा तुमच्यापुरता कायमचा गेला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००१मध्ये आपले अभ्याससाहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली आणि आपल्याकडे २००३मध्ये आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून आपली व्याख्याने इंटरनेटवर खुली करणारा एनपीटीईएल हा उपक्रम हाती घेतला, तेव्हा यात एक मूलभूत फरक पडला. आता धडा विद्यार्थ्यासाठी थांबून राहू शकत होता. हा फरक आमच्या गावी मात्र फार उशिरा कळला. इथे तेव्हा इंटरनेट म्हणजे निकाल पाहण्यासाठी आणि अर्ज भरण्यासाठी सायबर कॅफेत लावायची रांग होती. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि ती रांग वर्षभरात विरली. मुलांच्या हातात दिवसाला एक-दीड जीबी आले. त्याचे काय करायचे हे मात्र ना त्यांना कोणी सांगितले होते, ना आम्हांला.

मग २०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि पुढच्या सत्रात ऑनलाइन तास घ्या, असा आदेश आला. त्या तासांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून मी एवढेच सांगतो की आमच्याकडे त्यांत शिकण्यापेक्षा हजेरीच जास्त झाली. सकाळी अकराला घरातला एकुलता एक मोबाईल बापाच्या किंवा भावाच्या खिशात वावरात गेलेला असे. ज्यांच्या हाती तो असे, ती मुले रेंजसाठी स्लॅबवर किंवा धुऱ्यावर उभी राहत. “सर, आवाज कटून रायला, मी वरतं जातो,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की पाठाच्या टाचणात त्याला जागा ठेवायला हवी होती. शिवाय प्रत्येक तासाचा स्क्रीनशॉट काढून तो अहवालाला जोडायचा असल्यामुळे आम्हा शिक्षकांचे अर्धे लक्ष पडद्यावरच्या चौकटी मोजण्यात जाई. चौकटी भरलेल्या असत; माणसे त्यांच्यामागे असतीलच, याची खात्री नसे.

याच काळात ज्या गोष्टीने खरे काम केले, तिला कोणत्याही अहवालात रकाना नव्हता. सिद्धता मी वहीच्या पानावर टप्प्याटप्प्याने लिहीत असे, प्रत्येक पानाचा फोटो काढत असे आणि त्यासोबत पाच-सात मिनिटांचा आवाजी निरोप व्हॉट्सॲपच्या गटात टाकत असे. चार फोटो आणि एक निरोप मिळून फार तर दोन-तीन एमबी होतात. रेंज येत-जात असली तरी ते कधीतरी उतरतात आणि एकदा उतरले की रेंज नसतानाही ऐकता येतात. विद्यार्थी ते रात्री ऐकत. नऊ-साडेनऊनंतर, घरातला मोबाईल मोकळा झाला आणि जेवणे आटोपली की प्रश्न यायला लागत. “सर, दुसऱ्या पायरीत मायनस काऊन आला?” असा सरळ प्रश्न मला वर्गात क्वचितच कोणी विचारला आहे. वर्गात तो विचारायचा म्हणजे चाळीस जणांसमोर उभे राहून आपल्याला कळले नाही हे जाहीर करायचे, आणि तेही पुस्तकी बोलीत. रात्रीच्या निरोपात तसे काही करावे लागत नव्हते. जिचा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता, अशा एका मुलीने उष्मागतिकीच्या एकाच आकृतीवर सलग तीन आवाजी निरोप पाठवले, आणि तिसऱ्यात तिने माझ्या आकृतीतला बाण कुठून कुठे जायला हवा याविषयी माझ्याशी चक्क वाद घातला.

त्याच आवाजी निरोपांविषयी मुलांनी मला नंतर आणखी एक गोष्ट सांगितली. ती मुले निरोप थांबवत, मागे नेत, पुन्हा ऐकत. ज्या पायरीला मी वर्गात “हे तर उघडच आहे” म्हणून पुढे सरकतो, तीच पायरी सर्वांत जास्त वेळा मागे नेली जात होती. वर्गात मास्तरला मागे नेता येत नाही. “सर, परत सांगा” असे एकदा म्हणता येते, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा म्हणणाऱ्याकडे शेजारचे वळून पाहतात. मंद गतीने शिकणारा विद्यार्थी मंदबुद्धीचा नसतो, हे आम्ही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले असते, पण त्याची गती त्याच्या हाती देण्याचे साधन आमच्यापाशी कधी नव्हते.

टाळेबंदी उठली, मुले वर्गात परतली आणि बहुतेक ठिकाणी हे सगळे गुंडाळून ठेवले गेले. आम्ही ते थोडे टिकवले. जर्मनीतल्या आखेन येथील विद्यापीठाने तयार केलेले ‘फायफॉक्स’ नावाचे एक मोफत ॲप आहे. मोबाईलमध्ये त्वरण, आवाज, प्रकाश वगैरे मोजणारे जे सेन्सर मुळातच बसवलेले असतात, त्यांची मोजमापे हे ॲप आलेखाच्या रूपात दाखवते. एकदा उतरवून घेतले की त्याला इंटरनेट लागत नाही. गुरुत्व त्वरण काढण्याचा साध्या लंबकाचा प्रयोग आमच्या प्रयोगवहीत पहिल्यापासून आहे. तोच घरच्या घरी, जे हलते-झुलते सापडेल त्यावर करून पाहा, असे मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सांगितले. कोणी विहिरीच्या रहाटाचा दोर घेतला, कोणी पाळणा घेतला. एका मुलाने घरातली बंगई, म्हणजे झोपाळा, घेतली. आढ्यापासून फळीपर्यंत दोन मीटर लांबीच्या साखळ्या, फळीवर धाकटी बहीण आणि तिच्या हातात छातीशी धरलेला मोबाईल. त्याने आलेखावरची दोन शिखरांमधली वेळ मोजली, ती भरली १.३५ सेकंद. लांबीला चारने आणि पायच्या वर्गाने गुणून दोलनकालाच्या, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेच्या, वर्गाने भागायचे, हे सूत्र त्याला पाठ होते. त्याने ते लावले आणि रात्री गटात उत्तर टाकले: गुरुत्व त्वरण ४३.

उत्तर ९.८च्या आसपास यायला हवे, हे सगळ्यांनाच माहीत होते. गटात हसण्याच्या चित्रांचा पाऊस पडला. मी मुद्दाम काही लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी दुसऱ्या गावच्या एका मुलीचा आवाजी निरोप आला, मागे कोंबड्यांचा आवाज होता आणि ती बहुधा काही निवडता निवडता बोलत होती: “अरे, बंगई जाताना एकदा खाली येते अन् वापस येताना पुन्हा एकदा खाली येते. तुया मोबाईल दोन्ही खेपेला जोर दाखवून रायला. तू अर्धाच टाइम धरला.” तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. झुलणारी वस्तू सर्वांत खालच्या बिंदूतून जाते तेव्हा साखळीवर सर्वांत जास्त ताण येतो, सेन्सरला तोच जाणवतो, आणि एका पूर्ण झोक्यात तो दोनदा येतो. म्हणजे खरा दोलनकाल २.७ सेकंद. मुलाने पुन्हा गणित केले आणि उत्तर १०.८ आले. आता हसणे थांबले होते, कारण हे उत्तर चुकीचे असले तरी वेडगळ नव्हते. एवढा फरक येतो कुठून, हा खराच प्रश्न होता. सोमवारी आणि मंगळवारी गटात निरनिराळ्या शंका आल्या: हवेचा अडथळा, मोबाईलचा दोष, साखळी मोजताना झालेली चूक. शेवटी ज्याची बंगई होती त्यालाच सुचले की त्याने लांबी मोजली ती फळीपर्यंत, पण झुलत होती ती बहीण, आणि तिचे वस्तुमानकेंद्र फळीच्या वर वीतभर तरी आहे. लांबी दोनऐवजी १.८ मीटर धरली की उत्तर ९.७५ येते.

प्रयोगशाळेत हा प्रयोग आम्ही पितळी गोलक आणि दोरा घेऊन करतो. तिथे लांबी गोलकाच्या मध्यापर्यंत मोजा, अशी सूचना छापलेलीच असते. मुले ती पाळतात, आणि ती का दिलेली आहे हे त्यांना विचारण्याचे कारण कोणालाच पडत नाही, कारण उत्तर बरोबर येत असते. बंगईच्या प्रयोगाला तीन-चार दिवस लागले, त्यातला एकही क्षण वेळापत्रकातला नव्हता, आणि भाग घेणारी मुले चार वेगवेगळ्या गावांत होती. माझ्या लेखी इंटरनेटवरून शिकणे म्हणतात ते हेच. त्यात इंटरनेटचे काम तसे किरकोळ होते; एक ॲप आणि निरोपांची ने-आण एवढेच. पण ती ने-आण कोणालाही अमुक वाजता हजर राहा म्हणत नव्हती, म्हणून कोंबड्यांना दाणे टाकून झाल्यावर एखादीला साखळीवरच्या ताणाचा विचार करता आला.

याच कसोटीवर मी बाकीची साधने पाहतो. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मधले पाठ दहाएक मिनिटांचे असतात, अनेक पाठ मराठीतही आहेत, आणि एका बाजूला पाठ लावून दुसऱ्या बाजूला ते प्रत्यक्ष करत जायचे, अशी त्यांची रचना आहे. ते आम्ही प्रयोगशाळेतल्या संगणकांवर उतरवून ठेवले आहेत. लिब्रेऑफिस आणि पायथॉन यांची तोंडओळख आमच्या कित्येक मुलांना तिथेच झाली. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या उपक्रमातली आभासी प्रयोगांची चित्रे अशीच उतरवून घेता येतात आणि त्यांतल्या अनेकांवरच्या सूचना मराठीत मिळतात. नोबेल मिळाल्यानंतरच्याच वर्षी, २००२मध्ये, कार्ल वाइमन यांनी हा उपक्रम सुरू केला. एवढ्या तोलाच्या शास्त्रज्ञाला पदवीच्या मुलांनी विद्युतमंडल स्वतः जोडून पाहावे यासाठी वेळ द्यावासा वाटला, ही गोष्ट मी माझ्या सहकाऱ्यांना अधूनमधून ऐकवतो.

‘स्वयम्’विषयी माझे मत इतके सरळ नाही. जुलै २०१७मध्ये सुरू झालेल्या, ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या या सरकारी व्यासपीठावर खरोखर उत्तम शिक्षक आहेत, प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि २०२१पासून एका सत्रातल्या एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून पूर्ण करून त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) धरण्याची मुभा विद्यापीठांना आहे. तरीही आमची मुले नाव नोंदवतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळतात. इंग्रजी हे एक कारण आहेच. पण दुसरे कारण असे की दर आठवड्याचा गृहपाठ ठरल्या तारखेला बंद होतो, आणि शेवटची परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्यावी लागते. ते केंद्र अमरावतीला किंवा नागपूरला मिळाले तर पहाटेची गाडी, जाण्यायेण्याचे भाडे आणि मुलगी असेल तर सोबत जाणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, असा त्या मोफत अभ्यासक्रमाचा हिशेब होतो. परीक्षेत लबाडी होऊ नये म्हणून केंद्र हवे, हे मला मान्य आहे. गृहपाठाची तारीख मात्र कापसाच्या मुलखात दोन आठवडे पुढे-मागे सरकायला काय हरकत आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

मुले सर्वांत जास्त पाहतात ती यूट्यूबवरच्या हिंदी शिकवण्या. विदर्भात हिंदी कानाला परकी नाही, १९५६पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशातच होता, त्यामुळे मराठीत चांगले काही मिळाले नाही तर मूल सहज तिकडे वळते. त्या शिक्षकांची हातोटी मी नाकारत नाही. काहींचे मी स्वतः पाहतो. पण त्यांचा डोळा स्पर्धापरीक्षेवर असतो आणि उत्तर एका मिनिटात कसे काढायचे, हे ते शिकवतात. आमच्या बंगईवाल्या मुलाने ४३ हे उत्तर एका मिनिटातच काढले होते. आता यंत्राला प्रश्न टाकून उत्तर मागण्याची सोय झाल्यापासून गृहपाठाच्या वह्यांत एकाच वळणाची, निर्दोष आणि निर्जीव उत्तरे येऊ लागली आहेत. यावर उपाय म्हणून मी घरातल्या वस्तूवर केलेले मोजमाप मागतो, कारण कोणाच्या घरची साखळी किती लांब आहे हे यंत्राला ठाऊक नसते.

राहिला प्रश्न हे सारे करायचे कोणी, याचा. पदवीच्या भौतिकशास्त्रावर मराठीत, आणि शक्य तर वऱ्हाडी कानाला जवळचे वाटेल अशा मराठीत, दहा-दहा मिनिटांचे पाठ हवे आहेत. ते मुंबई-पुण्याहून येतील याची वाट पाहण्यात अर्थ नाही. आमच्या विभागात ते ज्याने सर्वांत चांगले केले, तो माझा तरुण सहकारी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, नेमलेला होता. सीएचबीच्या शिक्षकाला मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे, आणि तास म्हणजे वेळापत्रकातला, फळ्यासमोरचा. एक दहा मिनिटांचा पाठ तयार करायला त्याच्या दोन रात्री जात. आकृत्या तो स्वतः काढी, आवाज गावातली गिरणी बंद झाल्यावर भरी. त्या रात्रींची नोंद कुठेच नव्हती. यंदा कार्यभार कमी भरला म्हणून त्याची नेमणूक झाली नाही. सध्या तो जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. त्याच्या पाठांवर मुलांचे प्रश्न अजून येतात आणि त्यांची उत्तरे तोच देतो. एवढ्या कामाचे काहीतरी मानधन महाविद्यालयाच्या निधीतून देता येईल का, असे मी कार्यालयात विचारले, तेव्हा बाबूंनी आधी हजेरीपत्रक मागितले आणि मग, तसे काही नसल्यामुळे, अर्ज कोणत्या नमुन्यात घ्यायचा ते वरून विचारून सांगतो म्हणाले.